आगाप भाजी

आपल्या मंडळाच्या एक सभासद भगिनी लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात जाऊन आल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी तिकडची हकीकत सांगितली, तेव्हा पुष्कळजणींना हसू आवरेना. मार्च महिना, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि लेक म्हणते, “आई, जरा बाजूला सर, टोमॅटोला ऊन लागत नाही!” दह्याच्या रिकाम्या डब्यांत आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांत टोमॅटो, वांगी, मिरची यांचे बी पेरून ते खिडकीत ओळीने मांडले होते. घरात माणसे राहतात की रोपे, असा प्रश्न पडावा.

आपणही वांग्या-मिरचीचे रोप गादीवाफ्यावर तयार करूनच लावतो. मग त्यांचे वेगळे काय? तर तिकडे रात्री दंव गोठते, आणि एकच तशी रात्र कोवळे रोप काळे करून टाकते. वसंतातले शेवटचे गोठते दंव आणि शरदातले पहिले, यांच्या मधले दिवस थोडे. बाहेर ऊब येण्याची वाट पाहून बी पेरले, तर टोमॅटो पिकायच्या आत थंडी परत दारात. म्हणून शेवटच्या दंवाच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात पेरायचे. पिढ्यान्‌पिढ्या थंड मुलुखातल्या माणसांची ही लढाई चालू आहे, आणि तिची सगळी कहाणी एका गोष्टीभोवती फिरते: ऊब आणायची कोठून, आणि तिचा खर्च कोणी सोसायचा?

जुनी हकीकत रोमची आहे. इसवी सन 14 ते 37 या काळात तिबेरियस बादशहा होता. त्याला काकडीची इतकी आवड, की ती ताटात नाही असा दिवस जात नसे, असे प्लिनी लिहितो. (ती आपली नेहमीची काकडी नव्हे, खरबुजाच्या जातीतली लांब काकडी, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे, म्हणजे आपल्या वाळकाच्याच गोतातली.) माळी लोक चाकांवरचे वाफे उन्हात ओढत नेत आणि थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली आणून ठेवत. कोलुमेला या रोमन लेखकाने शेणखताच्या टोपल्यांत बी लावून हेच कसे साधावे, ते लिहून ठेवले आहे.

चीनमध्ये तर त्याच्याही आधी बादशाही मुदपाकखान्याच्या बागेत हिवाळ्यात कांद्याची पात आणि पालेभाज्या पिकत. वर छप्पर, आत रात्रंदिवस धुमसता विस्तव. इसवी सनापूर्वी 33 च्या सुमारास शाओ शिनछन नावाचा अधिकारी बादशहाच्या खासगी कारभारावर आला. या अवेळच्या वस्तू शरीराला अपायकारक आहेत, त्या ताटात वाढू नयेत, असे म्हणून त्याने तो प्रकार बंद पाडला, आणि त्यासह इतर उधळपट्टी थांबवून दरसाल कोट्यवधी नाणी वाचवली. कांद्याची पात हिवाळ्यात बाधते हे मला पटत नाही. पण एका घरच्या ताटासाठी सरपणाचे एवढे डोंगर जाळावेत का, हा त्याचा मनातला प्रश्न असेल, तर तो अगदी बरोबर होता.

या प्रश्नाला उत्तर दिले ते पॅरिसच्या भाजीवाल्या बागवानांनी, आणि तेही लिदीतून! एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये गाडीघोडे अफाट होते. तबेल्यातली लीद आणि भिजलेली गवतकाडी शहराला नकोशी. बागवान आपल्या गाडीतून भाजी बाजारात नेत आणि येताना ती घेऊन येत. आपला उकिरडा थंडीत सकाळी उकरला की आतून वाफ निघते, ते आपण पाहिले आहेच. तीच वाफ त्यांनी कामाला लावली. ऐन हिवाळ्यात ताजी लीद सुमारे दोन फूट उंच रचायची, पायांनी तुडवून दाबायची, वर वीतभराच्या आत जुने कुजलेले खत पसरायचे, आणि लाकडी चौकट बसवून काचेच्या तावदानांनी झाकायचे. पहिले काही दिवस ढिगाला असा ताव चढतो, की बी शिजून जाईल. तो उतरेपर्यंत हात आवरायचा. ऊब जरा बेताची झाली की पेरणी. पुढे ती कमी होऊ लागली, तर दोन वाफ्यांमधल्या चरांत ताजी लीद भरायची.

शिवाय काचेच्या घंटा होत्या. आपल्याकडे वाड्यांत टांगत त्या हंड्या जमिनीवर उपड्या ठेवाव्यात, तशा त्या दिसत. एकेका घंटेखाली लेट्यूसचे तीन-चार गड्डे. दुपारी ऊन चढले की खाचा पाडलेल्या लाकडाच्या टेकूने घंटेची एक कड उचलून वारा द्यायचा. रात्री थंडी कडक असली, तर वरून गवताच्या चटया पांघरायच्या. मूल निजवण्यासारखेच काम ते! 1845 साली मोरो आणि दाव्हेर्न या दोन बागवानांनी या धंद्याचे पुस्तक लिहिले. दोघेही स्वतः मातीत हात घालणारे, म्हणून त्यात पोकळ पांडित्य नाही.

एकाच वाफ्यात मुळा, गाजर आणि लेट्यूस एकदम. मुळा आधी निघे, मग लेट्यूस, तोवर गाजराला जागा मोकळी. पॉन्स नावाच्या बागवानाचा हिशेब क्रोपोटकिन या रशियन विचारवंताने आपल्या 1899 सालच्या ग्रंथात दिला आहे. पावणेतीन एकरांपेक्षाही थोड्या कमी जमिनीत वर्षाला 1,54,000 सॅलडचे गड्डे, आणि गाजर, कोबी, फुलकोबी, टोमॅटो वेगळेच! तोच सांगतो की, भाडेपट्ट्यात एक अट सर्रास असे: जागा सोडताना बागवानाला ठराविक खोलीपर्यंतची माती बरोबर नेता यावी. मला ही अट फार आवडली. जमीन मालकाची, पण वर्षानुवर्षे खत घालून केलेली माती करणाऱ्याची. पण या मेहनतीला सीमा नव्हती. पहाटेच्या अंधारात बाजार गाठायचा, दिवसभर पाणी शेंदायचे, खुरपायचे. घरची बाई आणि मुले यांच्यावाचून हे गाडे चाललेच नसते.

मग रेल्वेने दक्षिणेकडची भाजी आणली, शहर वाढत बागांवर चढले, आणि मोटारींनी घोडे घालवले. घोडा गेला तशी लीद गेली, आणि लिदीबरोबर ती फुकटची ऊब. आज युरोपात इंधन जाळून काचघरे तापवतात, दूरदेशीची भाजी विमानानेही आणतात. म्हणजे शाओ शिनछनचा विस्तव पुन्हा पेटलाच. फरक एवढाच, की तो आता गिऱ्हाइकाला दिसत नाही.

हे सारे परक्या देशांतले झाले. पण हा प्रश्न आपल्या देशातही आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 11,500 फूट उंच. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो, आणि बाहेर पीक येते ते उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत. पूर्वी हिवाळाभर वाळवलेला पाला आणि खड्ड्यात पुरून ठेवलेले कंद यांवर घर चाले. 1962 साली लेहमध्ये संरक्षण खात्याची संशोधनशाळा निघाली आणि भाजीपाल्याचे प्रयोग सुरू झाले. जमिनीत तीनेक फूट खोल चर खणून वर प्लॅस्टिक ताणायचे, ही तिथली सोपी युक्ती. पुढे संस्थांच्या मदतीने घरोघरी मातीच्या विटांची ऊबघरे झाली. तीन बाजूंना जाड भिंती, दक्षिणेला नुसते प्लॅस्टिक. काही भिंती आतून काळ्या रंगवतात, म्हणजे त्या दिवसा ऊन पितात आणि रात्री परत देतात. सरपण नाही, वीज नाही. ऐन हिवाळ्यात घरची बाई आत जाऊन पालक खुडून आणते, आणि वसंतात तिथेच टोमॅटो-कोबीची रोपे तयार करून मग बाहेर लावते.

कॅनडाच्या त्या खिडकीतली रोपेही शेवटी बाहेर गेली, पण एकदम नव्हे. घरातले लाडावलेले रोप वाऱ्याला टिकत नाही. म्हणून आठ-दहा दिवस त्याला बाहेरची सवय लावतात. पहिल्या दिवशी तासभर, मग थोडे जास्त. रोपांची ताटे सकाळी बाहेर न्यायची आणि संध्याकाळी आत आणायची, हे काम अर्थातच आजीकडे आले. मी त्या भगिनींना तिबेरियसच्या चाकांच्या वाफ्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “त्याच्या दिमतीला माळी होते हो! इथे सोळा ताटे होती, आणि माझी कंबर एकच.”