एका फ्रेंच क्रियापदरूपाचा अस्त

राज्यें लढाईंत बुडतात. व्याकरणांतील रूपें मात्र बोलणाराच्या जिभेवरून नकळत उतरतात. फ्रेंच ‘सबजंक्टिव्ह’चा अपूर्ण भूतकाळ असाच अस्तास गेला. ‘त्यानें गावें अशी तिची इच्छा होती’, या वाक्यांतील ‘गावें’ तें हें रूप. त्याचें कूळ लॅटिन. ‘कान्ताविस्सेत्’पासून जुन्या फ्रेंचमध्यें जें रूप आलें, त्यांतील ‘स्’ उच्चारांतून गळाला. फ्रेंच अकादमीच्या १७४० च्या कोशानें असे मूक ‘स्’ बहुतेक लेखनांतूनहि काढले; येथें त्याची खूण म्हणून स्वरावर टोपी राहिली.

परंतु कानाला टोपी दिसत नाहीं. ‘शाँता’ म्हटलें कीं ‘त्यानें गाइलें’ आणि ‘त्यानें गावें’ हीं दोन्ही रूपें एकच ऐकूं येत. उलट ‘आम्हीं गावें’ याचें ‘शाँतास्यों’ इतकें अवजड कीं, लोकांस हसूं येई. शिवाय हीं रूपें ज्या साध्या भूतकाळावरून सिद्ध होत, तोच बोलण्यांतून गेला. खांब गेल्यावर तुळई कशी राहणार?

२६ फेब्रुवारी १९०१ रोजीं फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनीं हुकूम काढला: मुख्य क्रियापद संकेतार्थीं असतां, या रूपाऐवजीं वर्तमानकाळीं रूप लिहिल्यास परीक्षेंत चूक धरूं नये. शासनानें रूप मारलें नाहीं. लोकांनीं केव्हांच सोडलेल्याला निरोप दिला.

तरीहि तृतीयपुरुषी एकवचन ग्रंथांत टिकून आहे. व्हॉल्तेर मुळांतून वाचावयाचा असेल, त्याला ती टोपी ओळखतां आलीच पाहिजे.