डाकबंगल्याची वही आणि मोबाइलवरचा परवाना

मागच्या हिवाळ्यात नर्मदेच्या बाजूला एका जुन्या विश्रामगृहात एक रात्र मुक्काम पडला. सरकारी नोकरीत इंजिनिअर म्हणून मी अशा कितीतरी विश्रामगृहांत राहिलो आहे, त्यामुळे सवयीने पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे वही. चौकीदाराने नवी वही आणून दिली. जुनी कुठे आहे म्हटल्यावर तो हसला आणि मागच्या खोलीतून एकच वही घेऊन आला. मुखपृष्ठ नव्हतं, कडा वाळवीने खाल्लेल्या. बाकीच्या कुठे गेल्या? बुकिंग ऑनलाइन झालं त्या वर्षी रद्दीत दिल्या, म्हणाला. ही एक पलंगाच्या पायाखाली होती म्हणून वाचली.

वही 1960 च्या आसपासची. रकाने तेच, जे माझ्या नोकरीत मी पाहत आलो: नाव, हुद्दा, कुठून आले, येण्याची-जाण्याची वेळ, कामावर की खाजगी, भाडे, शेरा. बहुतेक नोंदी इंग्रजीत, काही हिंदीत. पण मधेच दोन-तीन नोंदी मराठीत आहेत आणि गाव इंदूर लिहिलंय. एका ठिकाणी शेरा आहे की कंदिलाची काच फुटली, दाम भरले. आपल्या इंदूरकर मराठी कुटुंबांनी सुट्टी कुठे आणि कशी घालवली, याचा लेखी पुरावा मला तरी एवढाच सापडला आहे. पत्रं, रोजनिशा आपण शोधतो; विश्रामगृहाच्या वहीकडे कोणी इतिहासाचं साधन म्हणून पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

मुळात ही घरं सहलीसाठी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात डाकेच्या रस्त्यांवर ठराविक अंतराने डाकबंगले बांधले गेले, तेव्हा त्यांचा एक नियम होता तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. प्रवाशाला चोवीस तास राहायचा हक्क. त्यानंतर दुसरा कोणी आला तर पहिल्याने जागा सोडायची. आगाऊ आरक्षण नाही, पत्र नाही. जो दारात पोचला त्याची खोली, आणि तीसुद्धा एका दिवसापुरती. अर्थात दारात पोचणारा कोण, तर बहुतेक साहेब. देशी माणूस धर्मशाळेत किंवा सराईत उतरे. तेव्हा नियम न्याय्य होता तो एका लहान वर्तुळाच्या आत.

जंगल खात्याची गोष्ट थोडी वेगळी. कॅप्टन फॉरसिथने 1862 मध्ये पचमढीला बायसन लॉज बांधलं, ते आजही उभं आहे, संग्रहालय म्हणून. पुढे मध्य प्रांताच्या जंगलांत वनविश्रामगृहं उभी राहिली ती दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यासाठी. कान्हाच्या हद्दीतलं सुपखारचं गवती छपराचं विश्रामगृह त्याच परंपरेतलं. खाजगी माणसाला राहायचं तर डीएफओला अर्ज, आणि साहेब अचानक आले तर सामान बांधून व्हरांड्यात. आपल्या शेजारी राळामंडलला तर होळकरांचं शिकारगृह. तिथे सामान्य माणसाने जायचा प्रश्नच नव्हता. ते 1989 मध्ये अभयारण्य झालं आणि आज तिकीट काढून कोणीही वर जातो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला अशा परवानग्यांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत, म्हणून सांगतो. अर्ज यायचे, फोन यायचे, आणि फोन अर्जाच्या आधी पोचायचा. ओळख असलेल्याला खोली, नसलेल्याला ‘व्हीआयपी दौरा आहे’ असं उत्तर. एकदा एका शाळेच्या मास्तरांना मी असंच परत पाठवलं होतं. दौरा खरंच होता का, हे मी विचारलंही नव्हतं. वरून चिठ्ठी आली, मी लिहून टाकलं.

म्हणून ऑनलाइन आरक्षण आलं तेव्हा मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. रेल्वेने 1985 मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू केलं, 2002 मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं. त्याच वाटेने मध्य प्रदेशात जंगलाचे परवाने एमपीऑनलाइनवर गेले. चिठ्ठी संपली, फोन संपला. निदान तसं वाटलं.

पण जंगलाच्या बाबतीत आरक्षणाचं खरं कारण सोय हे नव्हतं, संख्या हे होतं. 24 जुलै 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं. भोपाळहून झालेल्या याचिकेवरचा हा आदेश. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित झाली आणि 16 तारखेला बंदी उठली. गाभ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन, आणि किती गाड्या सोडायच्या ते गणिताने ठरवायचं. मी ते गणित वाचलं आणि नोकरीतले दिवस आठवले, कारण पद्धत अगदी आपल्या कालव्याच्या हिशोबासारखी आहे. समजा 100 किलोमीटर रस्ता आहे आणि दोन गाड्यांत 500 मीटर अंतर हवं. म्हणजे एका वेळी 200 गाड्या. दिवसाचे 9 तास, एक फेरी 3 तासांची, म्हणजे 600 फेऱ्या. हा नुसता कागदावरचा आकडा. मग त्यातून मातीची धूप, प्राण्यांना होणारा त्रास, रस्ता बंद असण्याचे दिवस वजा करायचे. शेवटी खात्याकडे माणसं किती आहेत ते पाहून आणखी कमी करायचं. जे उरतं ते आरक्षणाला. कालव्यातही वहनक्षमता, मग गळती, मग प्रत्यक्ष सोडायचं पाणी.

आता कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात जातं हा प्रश्न गणित सोडवत नाही, तसंच इथेही. ठरलेल्या फेऱ्या कोणाला मिळतात? जो खिडकी उघडल्या क्षणी बसलेला असतो त्याला. कार्ड असलेल्याला, इंटरनेट चांगलं असलेल्याला, काही महिने आधी सुट्टी ठरवू शकणाऱ्याला. माझ्या मुलीने कान्हाचा परवाना काढला तेव्हा प्रत्येकाचं ओळखपत्र आधी भरायचं होतं, नाव बदलता येत नव्हतं. काळाबाजार थांबावा म्हणून हे आहे, मला पटतं. पण आदल्या दिवशी बस पकडून निघणारं कुटुंब या यादीत बसत नाही. आणि कान्हाच्या गाभ्यातून ज्या बैगा आणि गोंड वस्त्या बाहेर हलवल्या, त्यांच्यासाठी तर हा प्रश्नच वेगळ्या भाषेत मांडावा लागेल. अमेरिकेत योसेमितीच्या हाफ डोमवर दिवसाला 300 माणसं सोडतात आणि ती सोडतीने निवडतात. सोडतीत वेगवान बोटाचा फायदा नाही, एवढं नक्की. आपल्याकडे हे का नको, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

चोवीस तासांच्या नियमात जागा कोणाचीच नव्हती, म्हणून ती फिरत राहायची. चिठ्ठीच्या काळात जागा ओळखीची होती. आता ती वेळेची आहे. तिन्हींतला पहिला नियम मला जवळचा वाटतो, पण आजच्या गर्दीत तो एक दिवसही टिकणार नाही, हे इंजिनिअर म्हणून मला कळतं.

राहिली वही. आजचा परवाना मोबाइलवर येतो, गेटवर दाखवला की काम झालं. त्यात शेऱ्याचा रकाना नाही. कंदिलाची काच कोणी फोडली ते कुठे नोंदलं जाणार? ती नर्मदाकाठची वही मी परवानगी घेऊन पानोपान फोटो काढून आणली आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुनं परवानगीपत्र, भाड्याची पावती, डीएफओचं उत्तर असं काही असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मूळ कागद देऊ नका, तिथल्या तिथे फोटो घेऊ. आणि त्या मास्तरांच्या घरचं कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी तर जरूर या.