रायफलीवरचा आकडा, खांद्यावरचा धक्का आणि १९०७ ची बंदी

१/ शिकारी रायफलीच्या कॅलिबरवरून, म्हणजे नळीच्या व्यासाच्या आकड्यावरून, तिचा धक्का ओळखता येतो, असा सर्वसाधारण समज आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील एका बंदीचा इतिहास या समजाला छेद देतो. #थ्रेड

२/ १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात मार्टिनी-हेन्री रायफल दाखल झाली. नळीचा व्यास .४५० इंच, गोळी ४८० ग्रेन (सुमारे ३१ ग्रॅम), वेग सेकंदाला सुमारे १३५० फूट. पुढे सैन्याने नव्या रायफली स्वीकारल्या. पण मार्टिनी-हेन्री वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती राहिल्या.

३/ १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने हत्ती-गव्यांच्या शिकारीसाठी .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणले. आकडा तोच, गोळीचे वजनही तेच. मात्र काळ्या दारूऐवजी धूरविरहित कॉर्डाइट आल्याने वेग २१५० फुटांवर गेला.

४/ धक्का ठरतो तो गोळीचे वजन, तिचा वेग, जळणारी दारू आणि रायफलीचे वजन यांवरून. नव्या गोळीचा संवेग जुनीच्या जवळजवळ १.६ पट होता. म्हणून मार्टिनी-हेन्री ४ किलोंच्या आसपास, तर शिकारी दुनळी ५ किलोंच्या आसपास असे. आकडा एक, धक्के दोन.

५/ सरकारचे लक्ष मात्र आकड्यावर होते. शिकारी काडतुसांतील .४५० च्या गोळ्या काढून बंडखोर त्या जुन्या मार्टिनी-हेन्रींत वापरतील, ही भीती होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे आधीच अशक्य केले होते. १९०७ च्या सुमारास .४५० कॅलिबरवरही बंदी आली.

६/ हिंदुस्थान ही या रायफलींची मोठी बाजारपेठ. इंग्लंडच्या बंदूककारांनी तत्काळ वाट काढली. हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, जोसेफ लँगचे .४७०, वेस्टली रिचर्ड्सचे .४७६ अशी नवी काडतुसे पुढे आली.

७/ तुलना पाहा. .४५० : ४८० ग्रेन, २१५० फूट. .४६५ : ४८० ग्रेन, २१५० फूट. .४७० : ५०० ग्रेन, २१५० फूट. पहिल्या दोघांत फरक जवळजवळ नाही. .४७० च्या गोळीचा संवेग जेमतेम ४ टक्के अधिक. त्यामुळे धक्क्याची ऊर्जा सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. रायफल अर्धा किलो जड केली की तीही भरून निघते.

८/ शिवाय मोजलेला धक्का आणि जाणवलेला धक्का एकच नव्हेत. दस्ता अरुंद असेल तर तोच जोर खांद्याच्या लहानशा भागावर एकवटतो; दस्त्याचा उतार चुकला तर नळी उसळते आणि गालाला मार बसतो. मापाने बेतलेला रुंद दस्ता आणि रबरी गादी तोच जोर सुसह्य करतात. या दुनळींतील आकड्यांच्या फरकापेक्षा दस्त्याचा फरक खांद्याला अधिक कळतो.

९/ थोडक्यात, बंदीने शिकाऱ्याच्या हातातील रायफलीचे नाव बदलले; तिची ताकद आणि धक्का तसाच राहिला. परवान्यासाठी तिष्ठणाऱ्या हिंदी माणसाच्या स्थितीतही काही फरक पडला नाही. .४७० आजही आफ्रिकेत मोठ्या शिकारीचे प्रस्थापित काडतूस आहे. त्याच्या वाढीला मोठा हातभार लावला तो एका धास्तावलेल्या सरकारच्या हुकुमाने.