जे. जे.ची वाटचाल, हिंगोलीतून पाहताना

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत चित्रकलेचा विषय निघाला की दोन शासकीय रेखाकला परीक्षांची नावं हमखास कानावर पडतात: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, ‘बी’ला पाच, ‘सी’ला तीन. मुलं त्याच हिशेबानं परीक्षेला बसतात. पण परीक्षेत समोर मांडलेला तांब्या, बाजूची दोन वांगी आणि मागचं चुण्यांचं कापड यांची वंशावळ शोधत गेलं, तर ती मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या दारात पोचते. महाराष्ट्रातल्या चित्रकलेचं जवळजवळ प्रत्येक नवं वळण या शाळेत तरी आलं, नाहीतर या शाळेशी भांडून आलं. आपल्याकडे मात्र त्या प्रवासाचा पहिला टप्पाच पोचला, आणि ही गोष्ट मनाला लागते.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 2 मार्च 1857 रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले. चित्रकार घडवावेत असा तेव्हा फारसा विचार नव्हता. इथल्या कारागिरांचा हात ड्रॉइंगमध्ये बसावा, एवढी अपेक्षा होती. अभ्यासक्रम लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन कलाशाळेचा. आधी सरळ रेषा, मग भूमिती, मग ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश. 1865 मध्ये आलेले लॉकवुड किपलिंग शिल्प आणि कारागिरीकडे वळले. त्याच सुमारास आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी मात्र एक मोठं काम हाती घेतलं. 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन ते अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांपैकी. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हिंगोलीही त्याच राज्यात. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच तिथल्या आगीत गेल्या. उरलेल्या कामाचा ग्रंथ 1896 मध्ये निघाला. विलायती पद्धतीत हात तयार झालेल्या मुलांना आपल्याच भिंती इतक्या जवळून पाहायला मिळाल्या, हे त्या कामाचं मोठं फळ मला वाटतं.

1890 मध्ये कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर नावाचा विद्यार्थी आला आणि आयुष्यभर तिथलाच झाला. त्यांचं आत्मकथन ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावानं प्रसिद्ध आहे. धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर या चित्रकारांच्या पिढीनं अकादमिक वास्तववाद मराठी घरात आणला: शरीरशास्त्राला धरून काढलेली आकृती, एका बाजूनं येणारा उजेड, कापडाचा पोत. पुढे शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढून भारतीय परंपरेकडे वळण्याचा प्रयत्न केला. विद्यार्थ्यांनी दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंतीही रंगवल्या. पण त्या चित्रांत अजिंठ्याची रेषा आणि विलायती शरीररचना यांचा सांधा नीट जुळला नाही.

एव्हाना युरोपात चित्राची व्याख्याच बदलली होती. ती कशी, हे आपल्या परीक्षेतल्या तांब्यावरच पाहू. अकादमिक पद्धतीत तांब्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त चपटं लंबवर्तुळ दिसतं. ते चुकलं की गुण जातात. सावली काळपट. 1874 मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन भरवणाऱ्या मोने आदी दृक्‌प्रत्ययवाद्यांना हीच सावली निळी-जांभळी दिसली असती, कारण त्यांना भांड्यापेक्षा त्यावर पडलेला त्या क्षणाचा उजेड हवा होता. सेझाननं लंबवर्तुळाची कड मुद्दाम वाकडी केली असती. पिकासो आणि ब्राक या घनवाद्यांनी तोंड वरून पाहिल्यासारखं पुरतं गोल आणि पोट समोरून, अशा दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडल्या असत्या. अभिव्यक्तिवाद्यानं तांब्या लालभडक रंगवला असता, कारण त्याच्या मनातली खळबळ त्या रंगात होती. अमूर्त चित्रकारानं तांब्याच काढून टाकून एक पितळी पिवळा आणि त्याला पेलणारा करडा, एवढंच ठेवलं असतं. परीक्षकाच्या फुटपट्टीनं हे सगळे नापास.

मुंबईत हे वारं 1930 नंतर शिरलं. 1937 मध्ये अमृता शेर-गिल यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याच सुमारास जे. जे.ची सूत्रं हाती घेतलेल्या चार्ल्स जेरार्ड यांनी वर्गात आधुनिक चित्रांची चर्चा सुरू केली. ऑस्ट्रियातून आलेले वॉल्टर लँगहॅमर तरुणांना आपल्या स्टुडिओत बोलावून रंग समजावून देत. 1941 मध्ये जे. जे.च्या काही विद्यार्थ्यांनी स्वतःचा गट काढला. त्याचे अग्रणी पी. टी. रेड्डी करीमनगरकडचे, म्हणजे निजामाच्याच मुलखातले.

मग 1947 चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. शाळेतून 1945 मध्ये काढून टाकलेले गोव्याचे सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, नागपूरमार्गे आलेले रझा, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे गाडे, शिल्पकार बाकरे आणि आरा. आरा बोलारमचे. बोलारम म्हणजे हिंगोलीसारखीच हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी. तिथलं एक पोरकं पोर मुंबईत घरकाम करता करता चित्रकार झालं. जुलै 1949 मध्ये ग्रुपचं प्रदर्शन मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडलं. सूझा त्याच वर्षी लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला, आणि काही वर्षांतच गट विरला. तोवर वास्तववाद हाच एक मार्ग आहे, ही समजूत मोडली होती.

पुढची झेप जे. जे.च्याच वासुदेव गायतोंडे यांची. नागपूरला जन्म, 1948 ची पदविका. आकृती सोडून ते रंगाच्या थरांकडे गेले. रोलरनं रंग पसरायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. वर्षाला मोजकीच चित्रं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. भंडारा जिल्ह्यातून आलेले शंकर पळशीकर इथेच शिकले आणि इथेच अधिष्ठाता झाले. विद्यार्थ्याला स्वतःचा रंग शोधायला लावणारा असा शिक्षक विरळा. प्रभाकर बरवे यांनी घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तू रित्या अवकाशात ठेवून त्यांचा नेहमीचा अर्थ सोडवला. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक प्रत्येक कलाशिक्षकाच्या टेबलावर असायला हवं.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1965 मध्ये कला संचालनालय स्थापन झालं आणि शासकीय रेखाकला परीक्षा राज्यभर त्याच्या कारभाराखाली आल्या. आपल्या गावांपर्यंत जे. जे.चा वारसा पोचला तो या परीक्षांतून. तो अनमोल आहे. पाहायची शिस्त त्यातूनच लागते. पण हिंगोलीच्या मुलाला गायतोंडे ठाऊक नसतात, आणि मोठेपणी असं चित्र समोर आलं की तो ‘यात काय आहे?’ म्हणून पुढे जातो. त्याला ही नजर परकी वाटायचं खरं तर कारण नाही. औंढा नागनाथच्या मंदिराच्या भिंतींवर त्यानं देह हवे तसे वळवलेली, लांबवलेली शिल्पं लहानपणापासून पाहिलेली असतात. 1948 मध्ये दिल्लीत मथुरेची प्राचीन शिल्पं पाहून हुसेन आणि सूझा भारावले होते. तसलं धन आपल्या उंबऱ्यापाशी आहे.

2023 मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्थेच्या संग्रहात दीडशेहून अधिक वर्षांचं काम साठलेलं आहे. त्यातल्या निवडक चित्रांच्या उत्तम छापील प्रतींचं फिरतं प्रदर्शन हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांत यावं, त्यासोबत विद्यापीठाचे विद्यार्थी यावेत. आणि आपल्या कलाशिक्षकांनी परीक्षा संपल्यावरच्या तासाला तोच तांब्या पुन्हा मांडून मुलांना सांगावं: आता हवा तसा काढा.