मोटारही सोलापूरची, विमानही सोलापूरचं

मुंबई, पुणे, बेंगळुरू अशा शहरांत जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी लोकांचे क्लब असतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे गाड्या पुसून-पासून बाहेर काढायच्या, रांगेनं निघायचं, एखादं संग्रहालय बघून, जेवून संध्याकाळी परत यायचं. विमानांचं संग्रहालय असेल तर त्यांना जास्तच आनंद. हे ऐकून आमच्या भवानी पेठेतल्या बायका हसल्या. म्हणाल्या, मोटारही त्यांचीच आणि विमानही त्यांचंच, आपलं त्यात काय?

आपलं आहे. मोटार आणि विमान या दोन्हींचे कारखाने या देशात उभे करायला जो माणूस धडपडला, तो आपल्या सोलापुरात जन्मला. वालचंद हिराचंद दोशी, जन्म 23 नोव्हेंबर 1882. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या शहरात आहे. आपल्या मुली तिथं शिकतात, पण वालचंद कोण होते हे घरात कुणी सांगत नाही.

घर जैन व्यापाऱ्याचं. वडिलांच्या पेढीत बसायचं सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची ठेकेदारी धरली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली, पुढं बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल गेली. (त्या काळच्या रेल्वेकामांवर बायाही मातीच्या पाट्या वाहायच्या. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत, ते इथं सांगून ठेवतो.) 1919 साली त्यांनी जहाजाच्या धंद्यात पाऊल टाकलं. 5 एप्रिलला ‘लॉयल्टी’ नावाची बोट मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांची सत्ता होती, म्हणून ही गोष्ट मोठी. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस मानतात.

आता मोटारीकडे येऊ. 1939 साली वालचंद अमेरिकेत गेले ते मोटारीच्या कारखान्याची बोलणी करायला. परतीच्या विमानात त्यांना विल्यम पॉले नावाचे अमेरिकन गृहस्थ भेटले. पॉले चीनमध्ये विमानं जुळवण्याचा कारखाना चालवत होते. चीनमध्ये होतं ते हिंदुस्थानात का होऊ नये, ही गोष्ट वालचंदांच्या डोक्यात तिथंच बसली. गेले होते मोटारीसाठी, आले विमान घेऊन.

इंग्रज सरकार आधी राजी नव्हतं. पण महायुद्ध पेटलं आणि विमानांची निकड लागली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बेंगळुरूजवळ जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला. 23 डिसेंबर 1940 ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. 1941 साली तिथं जुळवलेलं पहिलं शिकाऊ विमान उडालं, आणि 1942 च्या जुलैत लढाऊ विमान.

पण ते लढाऊ विमान उडालं तेव्हा कारखान्यात वालचंदांचा वाटा उरला नव्हता. जपानी फौज ब्रह्मदेशात घुसली होती, आणि एप्रिल 1942 मध्ये सरकारनं त्यांचे शेअर विकत घेतले. पैसे मिळाले, कारखाना गेला. वालचंद काही साधू नव्हते, नफ्या-तोट्याचा हिशोब पक्का असणारे शेठ होते. तरी आम्हाला वाटतं, हातानं लावलेलं रोप दोन वर्षांत दुसऱ्याच्या अंगणात गेलं की पैशानं ते दुःख मिटत नाही. बचत गटाचा धंदा जम बसताच कुणी काढून घेतला, तर आपल्यालाही ते कळेल.

मोटारीला तर सरकारनं साफ टाळलं. युद्धाला तिची गरज नाही म्हणाले, आणि यंत्रं आणायला परवानगी अडवून ठेवली. तरी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या, मग इटलीच्या फियाटच्या. तीच फियाट सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. तुमच्यापैकी ज्या मुंबईला नातेवाइकांकडे गेल्या असतील, त्या तिच्यात बसल्या असतील: काळी-पिवळी टॅक्सी, ती पद्मिनीच. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून ती शेवटची निघाली. आता ती क्लबवाल्यांच्या रांगेत उभी राहते. वालचंद मात्र 8 एप्रिल 1953 ला गेले, पद्मिनी त्यांनी पाहिली नाही.

विमानाची गोष्ट मात्र पुढं गेली. वालचंदांच्या हातून गेलेल्या त्याच कारखान्यात ऑगस्ट 1951 मध्ये एचटी-2 हे आपल्या देशात आखलेलं, आपल्याच देशात बनवलेलं विमान उडालं. त्याची आखणी डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केली. ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचे. खेड्यातला मुलगा विमान आखतो, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. मुलींना आधी सांगा.

तो कारखाना आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल. 2001 साली त्यांनी बेंगळुरूत विमानांचं संग्रहालय उघडलं. मोटारीच्या क्लबासारखी हौस आपल्याला परवडणार नाही, पण वर्षाला एक सहल गटातून निघतेच की. सोलापूरहून उद्यान एक्सप्रेस थेट बेंगळुरूला जाते. गटाच्या पुढच्या बैठकीत विषय काढा.