‘व्हेल माशाची उलटी’ : ना मासा, ना उलटी

कोल्हापूर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले शहर. तरीही ‘व्हेल’ हा शब्द येथील वाचकांना अपरिचित राहिलेला नाही आणि त्याचे कारण पोलीस व वन विभागाच्या कारवाया हे आहे. गेल्या काही वर्षांत कोल्हापूर आणि सांगली परिसरात ‘व्हेल माशाची उलटी’ विकण्यासाठी आलेल्यांना पकडल्याच्या बातम्या वारंवार प्रसिद्ध झाल्या. बातमीत जप्त मालाची कोटींतील किंमत असते, संशयितांची गावे असतात, मोटारीचे वर्णनही असते. ज्या प्राण्यामुळे हे सारे घडते, त्याच्याविषयी मात्र सहसा एक ओळही नसते. शिवाय या तीन शब्दांत दोन चुका आहेत. व्हेल हा मासा नव्हे आणि हा पदार्थ बहुधा उलटीही नव्हे.

व्हेल हा सस्तन प्राणी होय. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा पाण्यावर यावे लागते. त्याचे रक्त उष्ण असते आणि मादी पिलाला दूध पाजते. मराठीतील ‘देवमासा’ या नावात आदर आहे, पण प्राणिशास्त्र नाही. गोंधळात भर घालणारा आणखी एक जीव म्हणजे व्हेल शार्क. तो मात्र मुशीच्या कुळातील खराखुरा मासाच आहे.

वादग्रस्त पदार्थाशी संबंध येतो तो प्रामुख्याने स्पर्म व्हेल या जातीचा. दात असलेल्या व्हेलांमध्ये हा सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर सुमारे १६ मीटर लांब असतो, मादी ११ मीटरच्या आसपास. त्याचा मेंदू सुमारे ८ किलो वजनाचा, म्हणजे सर्व प्राण्यांत सर्वांत जड. अन्नाच्या शोधात तो हजार मीटर आणि त्याहूनही खोल बुडी मारतो व तासभरसुद्धा श्वास रोखून राहू शकतो. त्या अंधारात डोळ्यांचा उपयोग नसतो. तो तीव्र ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतो. कोकणापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत समुद्र तुलनेने उथळ आहे, म्हणून हा खोल पाण्याचा रहिवासी आपल्या किनाऱ्यावर क्वचितच दिसतो. गर्भावस्था चौदा ते सोळा महिन्यांची असते. एका वेळी एकच पिलू होते आणि दोन पिलांमध्ये चार ते सहा वर्षांचे अंतर पडते. त्यामुळे एकदा घटलेली संख्या भरून येण्यास पिढ्या लागतात.

स्पर्म व्हेलचे मुख्य अन्न म्हणजे म्हाकूळ. म्हाकुळाची पोपटाच्या चोचीसारखी कठीण चोच पचत नाही. अशा बहुतेक चोची तो ओकून टाकतो. काही मात्र आतड्यात उतरतात आणि त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साचत जातो. हाच अंबर किंवा अंबरग्रीस. तो विष्ठेवाटे किंवा प्राण्याच्या मृत्यूनंतर बाहेर पडत असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. शंभरात जेमतेम एका स्पर्म व्हेलच्या पोटात तो तयार होतो. ताजा गोळा काळा आणि शेणासारख्या वासाचा असतो. वर्षानुवर्षे लाटा व उन्हात राहिल्यावर तो करडा आणि सुगंधी बनतो. अत्तराचा गंध टिकवण्यासाठी त्याला शतकानुशतके मागणी राहिली. आज मात्र क्लॅरी सेज या वनस्पतीपासून मिळणाऱ्या द्रव्यावर प्रक्रिया करून त्याचा पर्याय कारखान्यात तयार होतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये स्पर्म व्हेल संरक्षित आहे आणि अंबर बाळगणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. याचाच अर्थ, देशात त्याचा कायदेशीर बाजार नाही. मग बातम्यांतील कोटींचे आकडे कशाच्या आधारे ठरतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हेच आकडे वाचून नवे उत्साही या धंद्यात उतरत असतील, तर नवल नाही. त्यांपैकी कित्येकांच्या हाती मेणाचे बनावट गोळेच पडतात.

अंबराच्या लोभापेक्षा कितीतरी मोठा संहार तेलासाठी झाला. स्पर्म व्हेलच्या डोक्यातील मेणयुक्त तेल मेणबत्त्यांत आणि यंत्रांच्या वंगणात वापरले जाई. विसाव्या शतकात जगभरात सुमारे २९ लाख व्हेल मारले गेले. त्यांत साडेसात लाखांहून अधिक स्पर्म व्हेल होते. अरबी समुद्रही यातून सुटला नाही. सन १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी येथे बेकायदा शिकार केली. एकट्या १९६६ मध्ये सुमारे २४० हम्पबॅक व्हेल मारले गेले. स्थलांतर न करणाऱ्या त्या समूहात आज शंभराहून कमी प्राणी उरले असावेत, असा अंदाज आहे. सन १९७९ मध्ये हिंदी महासागर व्हेल अभयारण्य घोषित झाले आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव संमत झाला.

भाला गेला, पण जाळी, जहाजे आणि प्लॅस्टिक आले. सन २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इंडोनेशियात वाहून आलेल्या एका स्पर्म व्हेलच्या पोटात सुमारे ६ किलो प्लॅस्टिक सापडले. त्यात ११५ पेले आणि दोन चपला होत्या. जहाजांच्या इंजिनांचा गोंगाट तर ध्वनीवर जगणाऱ्या प्राण्याला आंधळा करणाराच. कोकणातही व्हेल किनाऱ्याला लागल्याच्या घटना घडतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला जिवंत आलेला निळा व्हेल काही तासांतच मरण पावला. सन २०२३ च्या ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेल्या व्हेलच्या पिलाला समुद्रात परत नेण्यासाठी स्थानिक ग्रामस्थ आणि यंत्रणा अहोरात्र झटल्या. पिलू वाचले नाही. पाण्यात शरीराचा भार पाणी पेलते. वाळूवर तोच भार फुप्फुसे आणि अवयव दाबतो, म्हणून अशा प्रसंगी हाती वेळ फार थोडा असतो.

जाळ्यात अडकलेल्यांचे भवितव्य बरेचसे मच्छीमारांवर अवलंबून असते. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापल्यास भरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कापलेल्या जाळ्याची आणि सोडलेल्या प्राण्याची छायाचित्रे त्यासाठी पुरावा म्हणून दाखवावी लागतात.