स्वप्नजनक वनौषधी : परभणी व मराठवाड्यातील परंपरा

स्पष्ट व स्मरणात राहणारी स्वप्ने पडावीत, किंवा स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ अशी जाणीव राहावी (सजग स्वप्न), या हेतूने झोपण्यापूर्वी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतींस स्वप्नजनक वनौषधी म्हणतात. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील चोंताल आणि दक्षिण आफ्रिकेतील खोसा या लोकांत अशा वनस्पतींची परंपरा आहे. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत मात्र या हेतूचा स्वतंत्र औषधवर्ग नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी व वेखंड यांची ‘प्राचीन स्वप्नौषधी’ म्हणून अलीकडे होणारी प्रसिद्धी म्हणूनच तपासून पाहणे आवश्यक ठरते. परभणी जिल्ह्यात आयुर्वेद, निजामी राजवटीतील युनानी वैद्यक आणि गोदाकाठचा भक्तिसंप्रदाय असे तीन प्रवाह एकत्र आल्यामुळे या तपासणीस तेथे चांगला आधार मिळतो.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज. यांपैकी पहिले पाच निष्फळ मानले आहेत. म्हणजे जे पाहिले, ऐकले, भोगले, इच्छिले वा कल्पिले, त्याचेच झोपेत उमटणारे रूप वैद्याने गंभीरपणे घेऊ नये, असा त्याचा रोख आहे. वैद्याला खरा उपयोग असतो तो दोषज स्वप्नांचा. कारण ती रोगाची चाहूल देतात. सुश्रुताने वातप्रकृतीचा मनुष्य आकाशगमनाची, पित्तप्रकृतीचा अग्नी व विजेची, तर कफप्रकृतीचा कमळे व हंस असलेल्या जलाशयांची स्वप्ने पाहतो, असे म्हटले आहे. स्वप्न येथे नाडीप्रमाणे वाचायचे लक्षण आहे. औषध देऊन ते मुद्दाम उत्पन्न केले, तर त्याचे निदानमूल्यच नाहीसे होईल. दुःस्वप्नावर सुश्रुत जे उपाय सांगतो, तेही बोलके आहेत : स्वप्न कोणास सांगू नये, तीळ, उडीद इत्यादींचे दान करावे, जप करावा, तीन रात्री देवालयात राहावे. त्यांत पोटात घेण्याच्या औषधीचा उल्लेख नाही.

हे वैद्यकीय ज्ञान मराठवाड्यास परके नव्हते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या राजवटीत युनानी वैद्यकास राजाश्रय होता. युनानी परंपरेतही स्वप्न हे शरीरातील द्रवांचे निदर्शक मानतात. पित्त (सफरा) वाढले की आग दिसते, कफ (बलगम) वाढला की पाणी दिसते, हा तिचा सिद्धांत सुश्रुताच्या विवेचनाच्या इतका जवळ आहे, की दोन्ही पद्धतींच्या रुग्णांना या बाबतीत फारसा भेद जाणवला नसावा. उस्तोखुद्दूस या वनस्पतीला हकीम ‘जारूब-ए-दिमाग’ म्हणजे मेंदूचा झाडू म्हणत. झाडू स्वप्ने आणत नाही, डोके साफ करतो; या नावातच त्या औषधाचा हेतू स्पष्ट होतो.

घरगुती उपचारांतही हाच हेतू दिसतो. तान्ह्या बाळाला शांत झोप यावी म्हणून सहाणेवर जायफळाचे एकदोन वेढे उगाळून देणे, बाळंतिणीच्या खोलीत वेखंड व ओव्याची धुरी करणे, डोक्याला ब्राह्मीचे तेल चोळणे हे सर्व उपाय झोपेसाठी किंवा वाईट स्वप्ने टाळण्यासाठी आहेत. शंखपुष्पी (विष्णुक्रांता) माळरानाच्या कोरड्या जमिनीत वाढते. चरकाने तिची गणना मंडूकपर्णी, ज्येष्ठमध व गुळवेल यांच्याबरोबर मेध्य रसायनांत केली आहे. बुद्धी व स्मृती हे तिचे प्रयोजन आहे, स्वप्न नव्हे. शिवाय नावांचा गोंधळ मोठा आहे. महाराष्ट्रात जिला ब्राह्मी म्हणतात ती पुष्कळदा मंडूकपर्णी असते, तर उत्तर भारतातील ब्राह्मी ही मराठीतील जलब्राह्मी होय.

तथापि परभणीच्या लोकजीवनात अर्थपूर्ण स्वप्नाची ओढ नव्हती, असे मुळीच नाही. मराठीत त्यासाठी ‘दृष्टान्त’ हा वेगळा शब्दच आहे. देवाने किंवा गुरूने झोपेत येऊन सांगितले तर तो दृष्टान्त. एरवी ते केवळ स्वप्न. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नर्सी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, आणि त्यांच्या घरी राहिलेल्या जनाबाईंचे गंगाखेड आजही याच जिल्ह्यात गोदावरीकाठी आहे. मराठी वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्तांत नामदेव विठ्ठलासह तुकारामांच्या स्वप्नात येऊन त्यांना अभंगरचनेची आज्ञा देतात. बाबाजी चैतन्यांनी तुकारामांना मंत्रोपदेश केला तोही स्वप्नातच. या कथांत औषधी कोठेही नाही. दृष्टान्त मिळवता येत नाही, तो होतो, अशी वारकऱ्यांची धारणा आहे. वनस्पतीच्या बळावर मिळालेला दृष्टान्त त्यांनी दृष्टान्त मानला नसता.

दत्तसंप्रदायात मात्र दृष्टान्तास अनुकूल अशी शिस्त आढळते. गुरुचरित्राच्या सप्ताहात हविष्यान्न घ्यावे, रात्री पोथीजवळ चटईवर किंवा धाबळीवर, डाव्या कुशीवर झोपावे, म्हणजे दृष्टान्त होतो, असा संकेत आहे. पहाटेची स्वप्ने लवकर खरी होतात, ही समजूतही सर्वत्र आहे. आहार, शय्या, मनाची एकाग्रता आणि वेळ या चार गोष्टींवर येथे भर आहे. यांपैकी वेळेच्या बाबतीत तरी आधुनिक निद्राशास्त्राचा या अनुभवास पाठिंबा मिळतो. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी शीघ्र नेत्रचलनाची निद्रावस्था वर्णिली. ठळक स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात आणि तिचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो. स्वप्ने खरी होण्याशी याचा संबंध नाही. ती आठवण्याशी आहे.

वनस्पतीमुळे स्वप्ने खरोखर तीव्र झाल्याचे एक भारतीय उदाहरण आहे, परंतु ते अनपेक्षित परिणामाचे. सर्पगंधा ही उन्माद व निद्रानाशावर वापरली जाणारी औषधी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या गुणांविषयीचा लेख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर तिची कीर्ती जगभर पसरली. १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. त्याचा वापर वाढला तशी रुग्णांना भयप्रद, अतिशय स्पष्ट स्वप्ने पडत असल्याची आणि खिन्नता येत असल्याची नोंद होऊ लागली. शांत झोपेसाठी ख्यात असलेल्या मुळीचा हा दुष्परिणाम होता. तो कोणी मागितला नव्हता.

धोतऱ्याचा विचार याहून वेगळा करावा लागतो. गावाच्या उकिरड्याजवळ व पडीक जमिनीत सहज उगवणारी ही वनस्पती शंकराला वाहतात, आणि गुंगी आणून लुबाडण्यासाठीही तिचा उपयोग होत आला आहे. तिच्यामुळे येणारा अनुभव स्वप्न नसून भ्रम आहे : मनुष्य जागा असतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो आणि नंतर त्याला बहुधा काहीच आठवत नाही. कारण धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहकाची क्रिया अडवितात, आणि नेत्रचलनाच्या निद्रेस तर तोच पदार्थ लागतो. सजग स्वप्नासाठी धोतरा घेणे हे अशा रीतीने धोकादायक तर आहेच, शिवाय तर्कदृष्ट्याही उलटे आहे. भांगेचेही काहीसे असेच आहे. नियमित सेवनाने स्वप्नावस्था दबते. सेवन थांबविल्यावर दबलेली स्वप्ने उसळून येतात, आणि हे श्रेय चुकून भांगेस दिले जाते.

अ‍ॅसिटिलकोलीन वाढविणाऱ्या द्रव्याची परीक्षा मात्र झाली आहे. हिमपुष्पाच्या जातीतील वनस्पतींत आढळणारे गॅलँटामीन घेऊन स्टीफन लाबर्ज व सहकाऱ्यांनी १२१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्क्रिय गोळीने १४, चार मिलिग्रॅमने २७ आणि आठ मिलिग्रॅमने ४२ टक्के व्यक्तींना सजग स्वप्न पडले. परंतु ही माणसे साडेचार तास झोपून उठत, अर्धा तास जागी राहत आणि संकल्पाचा अभ्यास करीत पुन्हा झोपत. त्यामुळे हे आकडे केवळ गोळी घेऊन झोपणाऱ्यास लागू करता येत नाहीत. चोंताल लोकांच्या औषधीवरील १९८६ च्या प्रयोगातही स्वप्नांची निवेदने वाढली, पण त्याबरोबर झोप हलकी होऊन मध्येच जाग येण्याचे प्रमाणही वाढले होते. वारंवार जागा होणारा मनुष्य अधिक स्वप्ने सांगेल, यात नवल नाही.

कोकणातील गारंबी ही अजस्र वेल दक्षिण आफ्रिकेत स्वप्नौषधी म्हणून वापरली जाते आणि ‘आफ्रिकी स्वप्नवनस्पती’ या नावाने तिच्या बिया विकल्या जातात. वेखंडाबाबत विशेष सावधगिरी हवी. भारतीय वेखंडातील बीटा-असॅरोन उंदरांत कर्करोगकारक ठरल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. भारतात धोतरा, भांग व खुरासानी ओवा यांचा समावेश १९४५ च्या औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत केलेला आहे.